दुसरी दोरी

"मावशी, ही तुमच्याच घरातली न्हवं का?"

जयसिंगपूरच्या मंडईत अंबूबाई चिलापी मासे साफ करत बसली होती. नेहमीचं गिऱ्हाईक असलेले एक निवृत्त मास्तर वाकून तिच्यापुढे मोबाईल धरून उभे होते. हाताला खवले लागलेले, म्हणून तिने मनगटानेच डोळ्यांवरचे केस मागे सारले आणि बघितलं. फोटोत शालू होती, तिची धाकटी जाऊ. ठेवणीतलं हिरवं इरकल नेसून नदीवर, नाव केलेल्या गुळाच्या काहिलीत बसलेली, दोन्ही हातांत पितळेचा तांब्या धरलेला, आणि हसत होती. असं हसत होती की तांब्या जणू तिच्या बापाने रुखवतात दिलाय.

"पेपरला आलंय," मास्तर म्हणाले आणि त्यांनी वाचूनही दाखवलं. "नदीच्या तळाचं पाणी ओळखणाऱ्या शालूबाई."

"व्हय. जाऊ हाय माझी."

"लई हुशार बाई म्हणायची."

"हाय की. अर्धा किलो घालू का किलो?"

"अर्धाच घाला. आज त्या आल्या न्हाईत व्हय? जरा बोललो असतो त्यांच्याशी."

"तिला आता सवड कुठली," अंबूबाई म्हणाली. चिलापीचं डोकं एका घावात उडतं. तिने तीन घाव घातले.

मास्तर गेल्यावरही तो फोटो तिच्या डोळ्यांपुढून हलेना. शालूचं तोंड तिने अठ्ठावीस वर्षं बघितलं होतं, त्यात नवीन काही नव्हतं. तिला दिसत होता तो तांब्या. त्याच्या पोटाला उजवीकडे पोचा होता. लग्नाच्या पहिल्याच वर्षी अंबूबाईच्या हातून तो घाटाच्या पायरीवर पडला होता आणि सासू, तानाबाई, दोन दिवस तिच्याशी बोलली नव्हती. तो पोचा पेपरात स्पष्ट आला होता. त्याच्यामागे कोण आहे ते मात्र कुठेच छापलं नव्हतं.

पंचगंगेच्या काठावरच्या त्या गावात एके काळी भोयांची बावीस घरं नदीवर जगत होती. आता चार उरली होती. अंबूबाईचा नवरा गुंडू गुडघेदुखीने घरी बसला होता, तरी हात चालत होते, आणि गावातलं गुऱ्हाळ मोडलं तेव्हा त्याने आणलेली गुळाची काहील अजून त्यांची नाव म्हणून चालत होती. जाळं पुरुषांनी टाकायचं. पण त्याआधी डोहाचं पाणी बघायचं काम घरातल्या बायकांचं होतं.

उन्हाळ्यात बंधाऱ्याच्या मागे नदी उभी राहते. वरून पाणी नितळ दिसतं, तळाशी काय बसलंय ते दिसत नाही. त्यासाठी हा तांब्या होता. त्याच्या बुडाला सुतळीची जाळी विणून तिला एक दोरी बांधलेली, गळ्याला दुसरी दोरी, आणि गळ्यातच जाळ्यातल्या शिशाच्या गोळ्यांची माळ. तांब्या पालथा करून पहिल्या दोरीने खाली सोडायचा. आत हवा कोंडलेली असते, त्यामुळे वाटेतलं पाणी शिरत नाही. तळ लागला की दुसरी दोरी ओढायची. तांब्याचं तोंड वर होतं, बुडबुडे येतात आणि तळाचं पाणी आत भरतं. वर काढून वास घ्यायचा. साखर कारखान्याच्या मळीचा वास आला तर तिथे जाळं टाकायचं नाही, कारण तिथे मासा थांबत नाही.

हे काम दोघींचं. पहिली दोरी धाकटीने सोडायची आणि दुसरी थोरलीने ओढायची. तानाबाई असेपर्यंत दुसरी दोरी तिच्या हातात होती. तिच्यामागे ती अंबूबाईकडे आली.

शालू चिकोडीकडची. नवी नवरी होऊन आली तीच मुळी अर्धं कानडी, अर्धं मराठी बोलत आणि सगळ्यांशी हसत. पहिल्या दिवसापासून ती अंबूबाईला 'आक्का' म्हणायची. तानाबाईने थोरल्या सुनेला जन्मात गोड हाक मारली नव्हती, पण शालूला ती 'माझी मैना' म्हणायची. मंडईत दोघी शेजारी बसल्या तर शालूची पाटी अकराला रिकामी व्हायची आणि अंबूबाई दीडपर्यंत माशा हाकलत बसायची. मासे एकाच जाळ्यातले असायचे. अंबूबाईने तरीही शालूला तांब्या शिकवला, वास शिकवला, कुठल्या महिन्यात कुठल्या डोहात मरळ असते ते शिकवलं. एक गोष्ट मात्र तिने राखून ठेवली. ती तानाबाईने शेवटच्या आजारपणात तिला एकटीला जवळ बसवून सांगितली होती, आणि मैना त्या वेळी माहेरी गेली होती.

खरं तर नदीचा अभ्यास करणाऱ्या अदिती मॅडम गावात पहिल्यांदा आल्या त्या अंबूबाईच्याच दारात. कोल्हापूरच्या कॉलेजात शिकवणारी तिशीतली मुलगी, पायात चिखलाने भरलेले बूट.

"मावशी, नदीबद्दल तुमच्याकडून समजून घ्यायचं होतं. बोलाल का माझ्याशी?"

"आमाला वं काय कळतंय? अडाणी माणसं आमी."

ही बोलायची रीत होती. कुणी जेवायला बसा म्हटलं की पहिल्यांदा नको म्हणायचं, समोरच्याने पुन्हा म्हणायचं, मग बसायचं. पहिल्याच हाकेला पाटावर जाऊन बसणाऱ्या माणसाला गाव हावरं म्हणतं. अंबूबाई नको म्हणाली आणि दाराची चौकट धरून दुसऱ्यांदा विचारायची वाट बघत उभी राहिली. मनात तिने कुठून सुरुवात करायची तेही ठरवलं होतं.

"बरं, हरकत नाही," मॅडम म्हणाल्या. "तुम्हाला उगीच त्रास नको."

शेजारच्या दारातून शालूने हाक मारली. "या की मॅडम, च्या घेऊन जावा. नदीचं व्हय? सांगतो की, बसा."

त्याच संध्याकाळी शालू तांब्या मागायला आली. "आक्का, एक दिसाला द्या. मॅडमास्नी दावतो आणि आणून देतो." त्याला दोन महिने झाले होते.

मंडईतून घरी आल्यावर अंबूबाईने पाटी आपटली. गुंडू सोप्यात जाळं सांधत बसला होता.

"काय झालं?"

"काय व्हायचंय? पेपरात फोटू आलाय तुमच्या भावजयीचा."

"मग बरं झालं की. तुजा तांब्या पेपरात आला."

"तांब्या आला. मी न्हाय आलो."

गुंडूने सुतळी दातात धरली आणि जाळ्याची पुढची गाठ मारायला घेतली. चाळीस वर्षांत त्याला एवढं कळलं होतं.

हा नुसता फोटोचा मामला नव्हता. आदल्या उन्हाळ्यात नदीत मासा मेला होता. वरच्या अंगाला असलेल्या कारखान्याची माणसं म्हणाली, ऊन फार आहे, उन्हाने मेला. प्रदूषण मंडळाच्या ऑफिसच्या साहेबांनी बाटल्या भरून नेल्या होत्या, त्या सगळ्या वरच्या नितळ पाण्याच्या. मॅडमनी मग वर्षभर कोल्हापुरातूनच कागद लिहिले, कोर्टात खेपा घातल्या, आणि यंदा पहिल्यांदाच हुकूम झाला की गावातल्या जाणत्या माणसाने दाखवलेल्या जागेचं, तळाचं पाणी घ्यायचं. त्यात मळी निघाली तर कारखान्याचा पाइप बंद होणार होता. नाही निघाली तर प्रकरण तिथेच मिटणार होतं. कागदावर जाणत्या माणसाचं नाव होतं शालूबाईचं.

बुधवारी दहाला गाड्या आल्या. ऑफिसचे साहेब, त्यांची दोन माणसं बर्फाच्या पेट्या घेऊन, कारखान्याचे दोघे पांढऱ्या बुटांतले, आणि मॅडम. चारही घरं घाटावर जमली होती. अंबूबाई सगळ्यात मागे, पिंपळाच्या पारापाशी उभी राहिली.

काहील मोठ्या डोहावर गेली. शालूचा थोरला मुलगा काठी मारत होता. शालू दोन्ही दोऱ्या एकटीच्या हातात घेऊन बसली होती, एक डाव्या हाताला, एक उजव्या. अंबूबाईला ते तेव्हाच खटकलं. दुसरी दोरी अशी एकटीने, न विचारता धरायची नसते.

आणि तिला आणखी एक गोष्ट दिसत होती, जी घाटावरच्या दुसऱ्या कुणाला दिसत नव्हती. सोमवारी खालच्या गावांना पाणी द्यायला बंधाऱ्याचे चार बरगे काढले होते. बरगे म्हणजे बंधाऱ्याच्या मोऱ्यांत घालतात त्या फळ्या. तानाबाईने शेवटी सांगितलं होतं ते हेच. बरगे काढले की वरचं पाणी सरळ निघून जातं. तळाचं काळं पाणी जड असतं, ते ढकललं जातं आणि खालच्या वळणावर कुंभारखळीत जाऊन बसतं. आठ-दहा दिवस हलत नाही. तोवर मोठा डोह धुतल्यासारखा होतो. आज मळी होती ती कुंभारखळीत, घाटापासून दोनशे पावलांवर.

शालूने तांब्या सोडला, ओढला, वर काढला. वास घेतला. कपाळाला आठी पडली. तिने पाणी ओतून दिलं आणि दहा हात पलीकडे पुन्हा सोडला. मग तिसऱ्यांदा. काठावर पांढऱ्या बुटांतला एक जण दुसऱ्याला काहीतरी म्हणाला आणि दोघे हसले.

"काय आहे, बाई?" साहेबांनी विचारलं.

"आज पानी बरं हाय," शालू म्हणाली. आवाज इतका बारीक होता की साहेबांना पुन्हा विचारावं लागलं. शालूला हसू फुटत नाहीये, हे अंबूबाई जन्मात पहिल्यांदा बघत होती.

तिला आनंद झाला. खोटं कशाला बोलायचं, पोटातून वर येणारा, गूळ खाल्ल्यासारखा आनंद झाला. बघा म्हणावं आता पेपरवाल्यांना. हिला वास कळतो, नदी कळत नाही.

हुकमाप्रमाणे साहेबांनी त्याच डोहाच्या बाटल्या भरल्या. मॅडम काठावर येरझाऱ्या घालत होत्या. त्यांचा चेहरा उतरला होता. एकदम त्या वळल्या आणि पारापाशी आल्या.

"मावशी, तुम्ही घरातल्या थोरल्या ना? दुसरीकडे कुठे बघावं असं काही वाटतं का तुम्हाला?"

सगळी माणसं वळून अंबूबाईकडे बघायला लागली. साहेब, गुंडू, काहिलीतून शालूसुद्धा. दोन महिने ज्या प्रश्नाची वाट बघितली तो असा सगळ्यांदेखत आला. अंबूबाईचं तोंड उघडलं आणि रोजचे शब्द बाहेर पडले.

"मला वं काय कळतंय?"

ती थांबली. आता मॅडम म्हणतील, असं नका म्हणू मावशी, सांगा. एवढं म्हटलं की ती वळणाकडे बोट करणार होती. हात पदराआड तयारही होता. पण मॅडमना हे उत्तर एकदा मिळालेलं होतं. त्यांनी मान हलवली आणि त्या परत गेल्या. साहेबांनी घड्याळ बघितलं. पेट्या बंद झाल्या, त्यांवर लाखेचे शिक्के बसले, सह्या झाल्या. गाड्या सुरू होईपर्यंत अंबूबाईला वाटत होतं की अजून सांगता येईल. गाड्या गेल्यावर तिला वाटलं, मला दुसऱ्यांदा कुणी विचारलं होतं का? ते तिने मनात इतक्या वेळा म्हटलं की रात्रीची भाकरी करपली.

पंधरा दिवसांनी अहवाल आला. पाण्यात दोष नाही. मॅडमनी फोन करून शालूला सांगितलं, आणि शालूने तो निरोप घरोघरी जाऊन स्वतः दिला. त्यानंतर ती मंडईत बसायची, पण पाटी एकपर्यंत भरलेली असायची.

एप्रिलच्या शेवटी एका सकाळी घाटाच्या दगडांवर झिंगे चढलेले दिसले. पाण्यातला श्वासाचा वारा संपला की ते असे बाहेर येतात. दुपारी वाम वर आली, तोंड उघडून. दुसऱ्या दिवशी चिलापी आणि रोहू पांढरी पोटं वर करून वाहत आले. तिथपर्यंत लोक म्हणत होते, ऊन. तिसऱ्या दिवशी मरळ मेली.

मरळ वर येऊन श्वास घेणारी. तिला पाण्यातला वारा लागत नाही, चिखलातसुद्धा ती महिनाभर तगून राहते. मरळ मेली म्हणजे पाणी नुसतं नासलं नाही, त्यात विष आहे. हे भोयांच्या पोराटोरांना कळतं. अंबूबाईने हातभर लांबीची मेलेली मरळ पाण्यातून उचलली, तिचे कल्ले उघडून बघितले आणि पुन्हा खाली ठेवली. त्या कोळपलेल्या कल्ल्यांकडे बघताना तिला मास्तरांच्या हातातला फोटो आठवला नाही. तिला काठावर उभी राहिलेली ती स्वतःच आठवली.

कारखान्याची माणसं म्हणाली, अहवाल बघा, पाणी चांगलं आहे. त्यांना आता कागद मिळाला होता. मंडईत नदीचा मासा कुणी हातात धरेना. चारातल्या एका घराने जाळं विकायला काढलं.

त्याच संध्याकाळी शालू दारात आली. हातात तांब्या होता. चिंच लावून घासलेला, नवा दिसत होता. पोच्यापाशीसुद्धा एक काळा डाग ठेवला नव्हता. दोन्ही दोऱ्या गुंडाळून आत घातल्या होत्या.

"ह्यो घ्या आक्का तुमचा. लई दिस ठेवून घेतला."

"असू दे की तुज्याकडं."

"नगं. माज्या हाताला गुण न्हाय. माजंच काय तरी चुकलं त्या दिशी. वास घ्यायला चुकलं, का दोरी लवकर वढली..." शालूने दोरीचं सुटलेलं टोक तांब्यात खोचलं. "चार घरं माज्यामुळं बुडली बघा. उद्या मॅडम येणार हाईत मेल्याला मासा बघायला. मी न्हाय भेटणार त्यास्नी. कुठल्या तोंडानं भेटू?"

तांब्या अंबूबाईच्या हातात आला. इतके दिवस तिला तो हवा होता. आता तो मिळाला, तेव्हा कुठे ठेवावा हेच तिला कळेना. तिने तो देवळीत ठेवला, मग चुलीपाशी, मग उशाशी घेतला आणि झोप लागली नाही म्हणून पुन्हा देवळीत ठेवला.

उजाडायला ती शालूच्या दारात उभी होती.

"चल."

"कुठं, आक्का?"

"तांब्या एकटीनं सोडत न्हाईत. चल."

दोघी काहिलीत बसल्या. अंबूबाईने काठी मारली. काहिलीच्या कडेला मेलेले मासे लागत होते आणि बाजूला होत होते. वास एवढा होता की दोघींनी पदर नाकाला लावले. मोठ्या डोहावर शालू थांबायला सांगणार होती, पण अंबूबाईने काहील पुढे घेतली, वळणावर, जिथे काठाची माती कुंभारांनी पूर्वी खणून नेली होती तिथे.

"हितं का?"

अंबूबाईने काठी तळात रोवली आणि तिला काहील बांधली. शालूकडे न बघता ती बोलली.

"बरगं काढल्यावर काळं पानी हितं येऊन बसतंय. ह्या आठवड्यातबी काढल्यात. साहेब आलते त्याच्या आदी दोन दिस बरगं काढलं हुतं. तुजं काय बी चुकलं न्हाय. मला ठावं हुतं."

"कवा ठावं झालं?"

"सासूबाईंनी सांगितलं हुतं. म्या तुला सांगितलं न्हाय. त्या दिशी पाराखाली हुबा हुतो तवाबी ठावं हुतं."

शालूने काहिलीचा काठ दोन्ही हातांनी धरला.

"पंधरा दिस मी झोपलो न्हाई, आक्का," ती म्हणाली. "तुमच्या परड्यातनं माजा दिवा दिसत असंल की."

"दिसत हुता."

"जळत हुतासा माज्यावर?"

"व्हय."

शालूने तोंड फिरवलं. ती आता उठून काहील परत घ्यायला लावेल असं अंबूबाईला वाटलं. लावलं असतं तर अंबूबाईने ती घेतलीही असती. तिने तांब्या बाहेर काढला, दोऱ्या सोडवल्या आणि गळ्याची दोरी शालूच्या मांडीवर ठेवली.

शालूने दोरीकडे बघितलं. अठ्ठावीस वर्षांत आक्काबरोबर नावेत बसताना तिच्या वाट्याला ती कधी आली नव्हती. तिने ती उचलली नाही, आणि पाण्यात टाकलीही नाही. अंबूबाईने तांब्या पालथा करून धाकटीसारखा खाली सोडायला सुरुवात केली. एक हात, दोन हात, तीन. हे पाणी आज साहेबांच्या पेटीत जाणार नव्हतं, त्यावर शिक्का बसणार नव्हता. दुपारी मॅडम येतील तेव्हा त्यांच्यापुढे ठेवायला दोघींकडे एवढंच होतं. सात हात, आठ. दोरी सैल पडली.

तळ लागला होता. आता थोरलीने ओढायचं. शालूच्या मांडीवरची दोरी ताणली गेली, तेव्हा तिने ती मुठीत धरली.

"वढू का, आक्का?"

अंबूबाईने मान खाली घालून हातातली सैल दोरी गोळा केली.

मग शालूने पुन्हा विचारलं.

"आक्का, वढू?"

"वढ," अंबूबाई म्हणाली.

मेलेल्या माशांच्या मधून बुडबुडे वर यायला लागले.